थकवा रोज्याचा की आजाराचा?

रमजानमध्ये घरातली बाई दमली की ‘रोजे लागलेत’ म्हणून विषय मिटतो. पण ईद होऊन गेली तरी सजद्यातून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, तेव्हा तो रोज्याचा थकवा नव्हे. देवघरापुढून उठताना भिंतीचा आधार शोधणाऱ्या शेजारणीचं दुखणंही तेच असू शकतं.

तपासण्या साध्या आहेत. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईडसाठी टीएसएच, पोटॅशियम, जीवनसत्त्व ‘ड’ आणि बी-१२, शिवाय स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके. ‘ड’ची कमतरता किंवा मंदावलेला थायरॉईड निघाला तर औषध महाग नाही, ताकद परतायला मात्र महिने लागतात. इथंच लोक कंटाळतात आणि टॉनिकच्या बाटल्यांकडे वळतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, तिनेही कधी कधी स्नायू दुखतात.

संध्याकाळी पापणी झुकते, एकाचे दोन दिसतात, घास गिळवत नाही, ही मायस्थेनिया ग्रेव्हिसची लक्षणं असू शकतात. त्याची गोळी दिवसातून अनेकदा घ्यावी लागते. रोज्यासाठी ती परस्पर बंद करणं धोक्याचं. सूरह बकरात आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे, कायमच्या आजाऱ्यासाठी फिदया आहे. तरीही ‘लोक काय म्हणतील’ आडवं येतंच.

तपासणीपुरतं रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमांचं मत आहे. उपाशीपोटीच्या साखरेला लागणारे ८ तास तर सहरीनंतर दुपारपर्यंत आयतेच भरतात.