शिरोलीचा रस्ता आणि आमची लाल शाई

नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) शिकवला की रस्त्याचे ऋण फिटले, असे आम्ही मराठीचे अध्यापक मानतो. पण तो रस्ता मुंबईचा. शिरोली एमआयडीसीचा रस्ता आमच्या टिपणवहीत नाही. तेथे फौंड्रीची पाळी सुटते, काळ्या वाळूने माखलेले हात चहाच्या गाड्याभोवती जमतात आणि ‘कास्टिंग’, ‘कोअर’, ‘फेटलिंग’ हे शब्द कोल्हापुरी हेलात व भोजपुरी वळणाच्या हिंदीत मिसळतात. या बोलीला ‘भेसळ’ म्हणण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? फारसी, कानडी, पोर्तुगीज शब्द पचवूनच मराठी वाढली. जुन्या गिरणगावाच्या वेदनेवर प्रश्नपत्रिका काढणे सोपे आहे. आजच्या कामगाराचे बोलणे ऐकण्याआधीच त्यावर लाल रेघ ओढणाऱ्याने साहित्याचा अध्यापक म्हणवून घेऊ नये.