हजेरी नंबर म्हणजे ओळख नव्हे

मंडळाच्या अंकात कविता, कथा, पुस्तक-परीक्षणं असतात. त्यात ड्रायव्हरवरचा लेख कशाला, असं संपादकांनी विचारलंच. माझं उत्तर एवढंच की विषय नावाचा आहे, आणि नावांबद्दल वाङ्मय मंडळाने नाही बोलायचं तर कुणी?

पर्सिस्टंट मेमरी म्हणजे रॅमच्या खाचेत बसणारी, रॅमसारखीच थेट वाचता-लिहिता येणारी, पण वीज गेल्यावरही मजकूर न विसरणारी मेमरी. इंटेलने ती ऑप्टेन या नावाने २०१९ मध्ये बाजारात आणली. आमच्या प्रयोगशाळेत ती नाही. पण लिनक्सला सुरू होतानाच सांगता येतं की साध्या रॅममधला अमुक तुकडा पर्सिस्टंट आहे असं समज. मग तो तुकडा ‘पीमेम०’ या नावाने डिस्कसारखा दिसू लागतो. गेल्या सत्रातला आमचा प्रोजेक्ट यावरच होता.

माझा तुकडा ४ जीबीचा. माझी स्क्रिप्ट दर वेळी पीमेम० फॉरमॅट करायची आणि चाचणी सुरू करायची. एके दिवशी माझ्या जोडीदारणीने स्वतःसाठी २ जीबीचा दुसरा तुकडा राखला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि तीन तास बसून त्यात नमुन्याच्या नोंदी भरल्या. ती जेवायला गेली. मी आलो, नेहमीप्रमाणे स्क्रिप्ट चालवली. तिचा तुकडा मेमरीत माझ्या आधीच्या पत्त्यावर होता, म्हणून पीमेम० आता तिचा झाला होता आणि माझा पीमेम१. तिच्या नोंदी गेल्या. ‘विचारत बसू नकोस’ हा पर्याय स्क्रिप्टमध्ये मीच घातला होता, त्यामुळे मशीनने विचारलंही नाही.

चूक माझी, हे आधी मान्य करतो. पण ती का घडली ते बघा. वर्गात हजेरी नंबर असतो. मध्येच नवा प्रवेश झाला, यादी पुन्हा लागली, की कालचा १४ नंबर आज १५ होतो. १४ नंबरला शिक्षा झाली असेल, तर आज उभं कोण राहणार? विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक वेगळा, तो पदवीपर्यंत तोच राहतो.

लिनक्समध्ये हे दोन्ही आहेत. २०१५ मधल्या सुरुवातीच्या ड्रायव्हरमध्ये तर नुसता मोजणीचा आकडा होता. जो तुकडा आधी सापडेल तो शून्य, पुढचा एक. नंतर नाव मेमरीच्या विभागाशी, म्हणजे रीजनशी, बांधलं गेलं. ‘पीमेम१.२’ म्हटलं की पहिल्या क्रमांकाचा रीजन आणि त्यातला दोन क्रमांकाचा भाग. शेवटी ‘एस’ असेल तर त्या भागावर सेक्टर अर्धवट लिहिला जाऊ न देणारी व्यवस्था आहे. मला हा बदल फार आवडतो. नाव वाचून वस्तू कुठली आणि कशी आहे हे कळतं. रात्री अकराला थकलेल्या डोळ्यांनी स्क्रीन बघणाऱ्या माणसाला याचा केवढा आधार असतो!

पण रीजनचा क्रमांकही शेवटी सापडण्याच्या क्रमावरच ठरतो. आमच्या बाबतीत तेच झालं. खरी ओळख यूयूआयडीत असते. खऱ्या पर्सिस्टंट मेमरीत ती पट्टीवरच राखलेल्या लेबलच्या जागेत लिहिलेली असते, म्हणून मशीन कितीदा सुरू केलं तरी ती बदलत नाही. फाइलसिस्टिमलाही स्वतःचा वेगळा यूयूआयडी असतो.

काही मित्र म्हणतात, मग नावाचं एवढं कौतुक कशाला, सगळीकडे यूयूआयडीच वापरा. मला पटत नाही. छत्तीस अक्षरांची ती माळ कुणी तोंडाने सांगत नाही. फोनवर आपण ‘पीमेम१’च म्हणणार. म्हणून माझं मत असं आहे की ड्रायव्हरने नाव अर्थपूर्ण आणि एका नियमाने द्यावं, आणि आपण स्क्रिप्टमध्ये, विशेषतः पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, त्या नावावर कधीच विसंबू नये. नाव माणसांसाठी, यूयूआयडी यंत्रासाठी.

ऑप्टेनचा धंदा इंटेलने २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला, मग ही चर्चा शिळी नाही का? नाही. सीएक्सएलवर जोडलेली पर्सिस्टंट मेमरी आणि व्हर्च्युअल मशीनमधली तशीच सोय, दोन्ही लिनक्समध्ये याच व्यवस्थेतून आणि याच नावांनी समोर येतात.

आमच्या नोंदी निदान नमुन्याच्या होत्या, पुन्हा भरता आल्या. त्या भरायला मी तिच्या शेजारी बसलो, तीन तास. आता माझी स्क्रिप्ट आधी तुकड्याचा आकार आणि त्यावरच्या फाइलसिस्टिमचा यूयूआयडी तपासते, जुळलं नाही तर थांबते. आणि पुसायच्या आधी विचारतेही.