संभाव्यतेचे कूटप्रश्न आणि न सांगितलेली अट

गणितात मतभेदाला जागा नाही, अशी सर्वसामान्य समजूत आहे. दोन आणि दोन किती होतात यावर सभा भरत नाहीत. संभाव्यतेचे गणित मात्र या समजुतीला अपवाद ठरते. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेतील ‘परेड’ या साप्ताहिक पुरवणीत मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी एका वाचकाच्या कूटप्रश्नाला उत्तर दिले. त्यावर सुमारे दहा हजार पत्रे आली आणि त्यांतील बहुसंख्य पत्रांचा सूर एकच होता : उत्तर चुकले आहे. जवळजवळ एक हजार पत्रलेखक तर विद्यापीठांची सर्वोच्च पदवी धारण करणारे होते. उत्तर मात्र चुकलेले नव्हते.

प्रश्न असा होता : तीन बंद दारे आहेत. एकामागे मोटारगाडी आणि उरलेल्या दोहोंमागे एकेक बकरी आहे. खेळाडू एक दार निवडतो. ते अद्याप उघडलेले नाही. कोणत्या दारामागे काय आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्या दोहोंपैकी एक दार उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, की पहिलेच दार कायम ठेवणार, की दुसरे घेणार? व्होस सॅव्हंट यांचे उत्तर होते, दार बदलावे. बदलल्यास मोटार मिळण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश, न बदलल्यास एक-तृतीयांश. आक्षेप घेणारे म्हणत, दारे दोनच उरली. तेव्हा दोहोंची संभाव्यता सारखीच, म्हणजे निम्मी.

हा खेळ ३०० वेळा खेळला असे मानावे. साधारण १०० वेळा खेळाडूने पहिल्यानेच मोटारीचे दार निवडलेले असेल. त्या वेळी दार बदलणे अंगाशी येईल. उरलेल्या २०० वेळा त्याने बकरीचे दार निवडलेले असेल. या २०० वेळा सूत्रधाराला दुसऱ्या बकरीचेच दार उघडावे लागते, म्हणून मोटार उरलेल्या दारामागे असलीच पाहिजे. दार बदलणारा २०० वेळा जिंकतो, न बदलणारा १०० वेळा.

आता एकच गोष्ट बदलावी. सूत्रधाराला काहीच ठाऊक नाही आणि तो उरलेल्या दोहोंपैकी कोणतेही एक दार उघडतो, असे धरावे. मग त्या २०० पैकी सुमारे १०० वेळा त्याच्या हातून मोटारीचेच दार उघडेल आणि तो डाव बाद होईल. बकरी दिसलेले डाव राहतील २००. त्यांत निम्म्या वेळा मोटार पहिल्या दारामागे, निम्म्या वेळा दुसऱ्या. येथे दार बदलून काहीच लाभ नाही. दोन्ही खेळांत खेळाडूला समोर दिसते ते एकच : एक उघडे दार, एक बकरी, दोन बंद दारे. तरीही उत्तरे निराळी आहेत. कारण संभाव्यता केवळ काय दिसले यावर ठरत नाही. ते कोणत्या नियमाने दिसले यावरही ठरते.

या वादाचे मूळ येथे आहे. मनुष्याची सहजबुद्धी समोरचे चित्र पाहते आणि ते चित्र ज्या वाटेने समोर आले ती वाट विसरते. ही चूक केवळ सामान्यांची नव्हे. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५४ मध्ये, नाणे दोनदा उडवले असता निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश येते, असा युक्तिवाद केला. पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला. नाहीतर काटा आणि मग छापा. नाहीतर दोन्ही वेळा काटा. असे तीन प्रकार, त्यांतील दोन अनुकूल. प्रकार तीन हे खरे. परंतु पहिल्या प्रकाराला एका फेकीत पोचता येते आणि उरलेल्या दोहोंना दोन फेकी लागतात. म्हणून पहिल्याचे वजन निम्मे आणि इतर दोहोंचे प्रत्येकी पाव. खरे उत्तर तीन-चतुर्थांश आहे.

तथापि सारा दोष उत्तर देणाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एक प्रश्न घातला होता : एका गृहस्थाला दोन अपत्ये असून त्यांतील निदान एक मुलगा आहे, तर दोन्ही मुलगेच असण्याची संभाव्यता किती? त्यांनी एक-तृतीयांश हे उत्तर दिले. निदान एक मुलगा असलेली दोन अपत्यांची सर्व कुटुंबे गोळा करून त्यांतील एक निवडले, तर ते बरोबर आहे. पण त्या गृहस्थाचे कोणतेही एक अपत्य अवचित समोर आले आणि ते मुलगा निघाले, तर उत्तर निम्मे येते. माहिती कशी मिळाली हे प्रश्नात सांगितलेलेच नव्हते, आणि ही संदिग्धता गार्डनर यांनी पुढे मान्य केली. अशा प्रसंगी वाद घालणारे दोन पक्ष वस्तुतः दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल आहे. दारे आणि बकऱ्या यांच्यावाचून कोणाचे काय अडते? इंग्लंडमधील एका खटल्याने या आक्षेपाला उत्तर दिले आहे. १९९९ मध्ये तेथील एका मातेला आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या हत्येबद्दल जन्मठेप झाली. एका वैद्यकीय तज्ज्ञाने न्यायालयात सांगितले होते, की तशा कुटुंबात दोन अर्भके अकस्मात नैसर्गिक कारणाने दगावण्याची संभाव्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक आहे. हा आकडा ८,५४३ ला त्याच संख्येने गुणून काढला होता. असा गुणाकार दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. एकाच मातापित्यांच्या, एकाच घरात वाढणाऱ्या दोन मुलांबाबत तसे मानण्यास आधार नव्हता. अनुवंशिकतेचे वा परिस्थितीचे समान कारण असू शकते. २००१ मध्ये इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या गणिताविषयी जाहीर आक्षेप नोंदवला. काही वैद्यकीय अहवाल बचावपक्षापासून दूर राहिल्याचे उघड होऊन २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तो आकडा हेही शिक्षा रद्द करण्याचे निराळे कारण बहुधा ठरले असते, असे अपील न्यायालयाने म्हटले. तोवर त्या मातेची तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती. आकड्यामागची अट कोणी उच्चारली नाही, तर तिची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणून शाळांतून संभाव्यता शिकवताना सूत्रांच्या आधी एक सवय लावणे अगत्याचे आहे. प्रश्न हाती येताच विद्यार्थ्याने विचारावे : ही माहिती कोणी दिली, कोणत्या नियमाने दिली, आणि वस्तुस्थिती निराळी असती तर त्याने काय सांगितले असते? ज्या प्रश्नात हे सांगितलेले नसेल, तो अपुरा आहे असे म्हणण्याची मुभा विद्यार्थ्याला असावी, आणि त्याबद्दल त्याचे गुण कापले जाऊ नयेत.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. व्होस सॅव्हंट यांनी वाद वाढल्यावर शाळांनाच हा खेळ प्रत्यक्ष करून पाहण्याचे आवाहन केले होते. पॉल एर्देश यांच्यासारख्या थोर गणितज्ञालाही युक्तिवादाने हे उत्तर पटले नव्हते. संगणकावर तोच खेळ पुनःपुन्हा खेळून आलेले निकाल पाहिल्यावर त्यांनी ते मान्य केले. वर्गात संगणकाचीही गरज नाही. एक एक्का आणि दोन दुर्र्या, दोन विद्यार्थी आणि निकाल टिपण्यास एक वही एवढे पुरे. शंभर डाव जाणत्या सूत्रधाराचे, शंभर अजाण सूत्रधाराचे खेळावेत आणि दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहावे.

आपले उत्तर चुकले हे कळणे विद्यार्थ्याला लाभदायक असतेच. त्याहून मोठा लाभ आपण न बोलता काय गृहीत धरले होते हे कळण्यात आहे; कारण तीच गृहीते तो पुढे वृत्तपत्र वाचताना, औषधोपचाराचा निर्णय घेताना आणि कदाचित न्यायासनावर बसतानाही बरोबर नेणार असतो.