घरातली उसनवारी



या अंकाच्या संपादकीयासाठी मनात विषय वेगळा होता. पण गेल्या काही महिन्यांत रांजणगाव शेणपुंजी आणि बजाजनगरच्या गटांमध्ये जी चर्चा झाली, ती माझ्याच घरातल्या एका गोष्टीवरून सुरू झाली. ती आधी सांगायला हवी.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरात दोन महिने पगार आला नाही. नवरा वाळूजला ठेकेदारामार्फत कामाला आहे. ठेका बदलला आणि जुन्या ठेकेदाराने शेवटचे पगार अडकवून ठेवले. त्याच सुमारास मी ज्या प्रकल्पात काम करते त्याचा हप्ता वरून आला नाही, म्हणून माझंही मानधन थकलं. मुलगी चौदा महिन्यांची. तिचं दूध, घरभाडं आणि मध्येच तिला झालेला तापाचा आजार, एवढं तर थांबवता येत नव्हतं. आम्ही काही उपाशी मेलो नाही. वाण्याने उधारी दिली, घरमालक पंधरा दिवस थांबले, नवऱ्याच्या एका मित्राने पाच हजार हातउसने दिले. नवऱ्याने टपरीवरचा चहा सोडला, मिळेल त्या दिवशी हमालीलाही गेला. हे लिहायला हवं, कारण हा लेख त्याच्या विरोधात नाही.

आणि मी आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या गहाण ठेवल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. मीच कपाटातून काढल्या आणि मीच गेले. वाळूजमध्ये गटातली कोणीतरी भेटेल म्हणून मुद्दाम बसने शहरात गेले. सात वर्षं बायकांना बचतीचे धडे देणारी ताई सोनं तारण ठेवायच्या रांगेत उभी आहे, हे कोणी पाहू नये असं वाटलं. ही लाज कुठून येते, याचा मी अजून विचार करते आहे.

पुढे पैसे आले. एका रविवारी आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहिलेली देण्यांची यादी घेऊन बसलो. वाणी, मित्र, भाडं, औषधांच्या दुकानाची बाकी. एकेकावर काट मारली. नवरा म्हणाला, "सुटलो एकदाचे. आता कोणाचं देणं नाही." मीही हो म्हटलं. पाटल्या यादीत नव्हत्याच, आणि यादी माझ्याच अक्षरात होती.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना कुटुंबाच्या अंदाजपत्रकावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. उत्पन्न, खर्च, तूट. तूट कशी भरली जाते ते तिथे एका ओळीत संपतं: बचत मोडून किंवा कर्ज काढून. कोणाची बचत, कोणाच्या नावावर कर्ज, असं विचारायला मला कोणी शिकवलं नाही. तरुण जोडप्यांच्या घरात ही चणचण तात्पुरती असते असं आपण म्हणतो. घरासाठी ती तात्पुरती असतेही. दोन-चार महिन्यांत गाडी रुळावर येते. पण ज्या बाईच्या अंगावरचं सोनं गेलं, तिच्या बाबतीत ते बहुधा परत येतच नाही. आधी व्याज थकतं, मग लिलावाची नोटीस येते, मग "मोडूनच टाकू, पुढे नवीन करू" असं ठरतं.

रांजणगावच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. अगदी शहरात लपून गेल्याचंही. क्षणभर शांतता, आणि मग बायका हसायलाच लागल्या. मग मी विचारलं, बाहेरचं देणं राहू द्या, तुमच्या घराने तुमचं किती देणं आहे? एकीचं डोरलं मोटारसायकलच्या पहिल्या भरण्यासाठी गेलं होतं. एकीची शेळी दिराच्या दवाखान्यात गेली. एकीने २०१६ ची आठवण काढली. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा डाळीच्या डब्यातले साडेसहा हजार तिला नवऱ्यासमोर ठेवावे लागले. ते बँकेत जमा झाले ते त्याच्या खात्यात, आणि वर "माझ्यापासून लपवतेस?" हे ऐकावं लागलं. एक जण म्हणाली, मी काहीच दिलं नाही. शेजारच्या बाईने तिला थांबवलं. महिनाअखेरीला ही स्वतः भाजी घेत नाही, मिरचीशी भाकरी खाते, ते कशात धरायचं?

सगळ्यांना हे पटलं असं नाही. एक वयस्क काकू रागावल्या. नवरा-बायकोत कसली उसनवारी, संसार म्हणजे काय किराणा दुकान आहे का, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. हिशेब न ठेवता देता येणं हीच घराची ऊब असते. पण मग त्याच घरात दिराला दिलेल्या दहा हजारांचा हिशेब वर्षानुवर्षं तोंडपाठ कसा असतो? हिशेब घरात असतोच. त्यात आपलं नाव तेवढं नसतं.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे, हे पुष्कळ कार्यकर्त्यांनाही नीट माहीत नाही. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता, लग्नामुळे ती दोघांची होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं: अडचणीच्या वेळी नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत बायकोला परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. आपल्याकडे हे निकाल आठवतात ते घटस्फोटाची केस उभी राहिल्यावर. तेव्हा पावत्या नसतात, वजन आठवत नाही, साक्षीला कोणी येत नाही. नांदत्या घरात, चांगलं चाललेलं असतानाच वहीत तारीख, वजन आणि कारण लिहून दोघांनी सही केली तर काय बिघडतं?

मात्र हा प्रश्न नवऱ्यापाशी संपत नाही. आमच्या घरात चणचण आली ती आम्ही उधळपट्टी केली म्हणून आली नाही. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत म्हणून आली. १९३६ चा वेतनाचा कायदा हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार द्या असं सांगत होता. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिताही ७ तारीखच सांगते. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. तरीही पगार थकतात. म्हणजे ठेकेदार कामगाराकडून बिनव्याजी उसने घेतो, कामगार बायकोकडून घेतो, आणि बायको पाटल्या ठेवून व्याज भरते. ठेकेदाराच्या धंद्यात माझ्या आईचं सोनं गुंतलं होतं, असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. गिरणी कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर देणार, वाणसामान मात्र आधी भरायचं. मधल्या दिवसांसाठी वाण्याची उधारी किंवा सावकाराचं व्याज. संप झाला की सगळंच बुडायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं ते नेमकं या मधल्या दिवसांसाठी.

आपले बचत गट मात्र इथेच कमी पडतात, हे मान्य करायला हवं. बैठक दहा तारखेला आणि पैसे संपतात बावीसला. शिवाय कर्ज मागताना कारण "उत्पादक" हवं. शिलाई मशीन उत्पादक, पोराचं दूध अनुत्पादक! मग बाई शेकडा पाचाने पैसे उचलते. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. सावकारीच्या २०१४ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असा धंदा करणं हाच गुन्हा आहे, पण तो सावकार गल्लीतलाच असतो आणि रात्री दहालाही दार उघडतो. नाही तर ती सूक्ष्म कर्जाच्या कंपनीकडे जाते आणि एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज काढते. (या कंपन्यांच्या माणसांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे. तो छापून गटाच्या भिंतीवर लावा.)

रांजणगावच्या गटाने आता एक छोटा बदल केला आहे. जमा रकमेतून पंधरा हजार वेगळे काढले. तीन हजारांपर्यंत, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांवर, त्याच दिवशी द्यायचे. पहिला महिना व्याज नाही. कारण विचारायचं नाही, यावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एकदा पैसे नवऱ्याच्या दारूत गेले, तेव्हा तो नियम बदलावा असं निम्म्या जणींचं मत झालं. बाकीच्या म्हणतात, बँक मोठ्यांना विचारते का?

तुमच्या गटात महिनाअखेरीचं काय करता, घराकडून येणं असलेल्या गोष्टी कोणी लिहून ठेवल्या आहेत का, आणि लिहिल्यावर घरात काय झालं, हे पुढच्या अंकासाठी जरूर कळवा. नावं छापणार नाही. आमच्या घरात मी वही पुढे केली तेव्हा नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच वजन विचारलं आणि लिहिलं. एक पाटली सुटली आहे, दुसरीचं व्याज या महिन्यात भरायचं आहे.