गाडी सामाईक होती, म्हणून गंजली

मंडळी, दसऱ्याला आमच्या फियाटचा फोटो टाकला आणि त्यावर इतके प्रश्न आले की एकेकाला उत्तर देणं जमेना. खर्च किती आला, रंग कुठून मिळवला, स्पेअर मिळतात का, विकणार का. सगळं सांगतो. पण त्याआधी मला एक मत मांडायचं आहे, आणि ते काही जणांना पटणार नाही, हेही ठाऊक आहे.

गाडी १९६८ ची. फियाट ११०० डिलाइट. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली, आणि हीच गाडी पुढे थोडाफार चेहरा बदलून ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टीअरिंगला, पुढची सीट बाकासारखी सलग. आमचे आजोबा, आप्पा, बेळगावात वकिली करायचे. नंबर लावून, वाट बघून त्यांनी ती नवी घेतली. आंबोलीचा घाट चढताना रेडिएटर उकळायचा, मग सगळी उतरायची, आप्पा टोपण उघडून पाणी ओतायचे आणि आम्ही पोरं तेवढ्यात करवंदं शोधायला पळायचो. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा गाड्या मोजक्याच. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की आमचंच दार वाजायचं.

आप्पा २००४ ला गेले. आयुष्यभर लोकांच्या वाटण्या लावून दिल्या, पण स्वतःच्या गाडीचं काय करायचं ते मात्र कुठं लिहून ठेवलं नाही.

२००६ मध्ये घराची वाटणी झाली. मधोमध भिंत पडली, आम्ही पूर्वेला, काका पश्चिमेला. हंडे-घागरी मोजल्या, पाट मोजले. शेवटी गाडीची वेळ आली. कुणीतरी म्हणालं, “गाडी राहू दे की सामाईक. आप्पांची आठवण आहे.” सगळ्यांना एकदम पटलं. इंदूरहून आलेल्या आत्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. भांडणाच्या त्या दिवसात तेवढी एकच गोष्ट गोडीनं ठरली होती.

आणि तिथंच गाडी मेली. हे माझं मत.

कारण पुढं काय झालं बघा. काकांनी टायर बदलायचं काढलं, तर आमच्या घरात कुजबुज, “ह्यांना गाडी पाहिजे दिसते.” बाबांनी रंग काढायचं म्हटलं, तर काका म्हणाले, “आप्पांच्या रंगाला हात लावायचा नाही.” २०११ ला कोल्हापूरचा एक शौकीन माणूस चांगली किंमत घेऊन आला. दोघे भाऊ तयार होते, पण इंदूरहून आत्याचा फोन, “माझ्या जिवात जीव आहे तोवर विकायची नाही.” जो खर्च करेल त्याच्यावर संशय, जो करणार नाही त्याला आप्पांचं काही पडलेलं नाही. मग सगळ्यांनी मिळून सगळ्यात सोपं काम केलं. वर ताडपत्री टाकली.

बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. त्यात ताडपत्री म्हणजे गंजाला पांघरूणच. खालून ओल येते, वरून झाकलेलं, वारा कुठूनच नाही. बॉनेटवर सांडगे वाळायला लागले. मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार. डिकीत पोरांचे स्टंप. २०१५ ला बाबा गेले. गाडी तिथंच होती.

२०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, तिची वीस वर्षं भरली. बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर आली आणि सगळे उसासे टाकायला लागले. तेव्हा काकांच्या धाकटीनं लिहिलं, “आपली तर उभी आहे की दारात. तिच्यासाठी कोण रडणार?”

धाकटी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नोकरीला आहे. हातात कला आहे आणि तोंडही आहे. दिवाळीला सगळे जमले तेव्हा ती म्हणाली, “मी करते दुरुस्त. पण आधी गाडी एका नावावर करा. कुणाच्याही करा, माझं म्हणणं नाही. पाच सह्या झाल्या की मी पाना हातात घेते.”

पाच सह्या म्हणजे काका, आत्या, आणि बाबांच्या जागी आई, माझी पुण्याची बहीण आणि मी. काका म्हणाले, “जी काम करणार तिच्याच नावावर करा.”

आता खरं सांगतो. मला ते लागलं. थोरल्या मुलाचा मुलगा मी. मनातल्या मनात मी ती गाडी केव्हाच माझी धरली होती. आईनंही विचारलं, “बाबांचा वाटा असाच सोडायचा व्हय रे?” आत्याचं तर वेगळंच. ती म्हणाली, “सामाईक आहे म्हणून तरी तुम्ही एकमेकांच्या दारात जाता. एकाची झाली की बाकीच्यांचं येणं-जाणं संपलं.”

मी तीन आठवडे सही केली नाही. एका रात्री बॅटरी घेऊन शेडमध्ये गेलो. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचललं तर पत्राच नव्हता, हात सरळ खाली जमिनीला लागला. तिथं उकिडवा बसून मी हिशोब केला. बाबांचा तिसरा हिस्सा, त्यातला माझा तिसरा. म्हणजे नववा. नववा हिस्सा कशाचा, तर ह्या भोकाचा. सकाळी जाऊन सही करून आलो.

आता कामाचं, कारण बऱ्याच जणांना तेच हवं आहे.

इंजिन जाम होतं. धाकटीनं प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. “जोर केलास तर रिंगा तुटतील दादा, गप बस.” नवव्या दिवशी पाना घालून फिरवलं तर किंचित हललं. मग उतरवून खोललं. बोअर झिजलेले निघाले, ते बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घातले. क्रँक ग्राइंडिंगला दिला. बेळगावात एवढं सुख आहे, लेथवाल्यांचं गाव आहे हे. जो भाग मुंबई-कोल्हापुरात मिळाला नाही तो इथं बनवून मिळाला. ब्रेकचे व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले, त्यांना स्लीव्ह बसवून घेतले. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या फेकून दिल्या आणि आता पेट्रोलात इथेनॉल असतं त्याला टिकतील अशा नव्या घातल्या. ज्यांच्याकडे जुनी गाडी चालू आहे त्यांनी हे तरी नक्की करा, जुनं रबर फुगतं, चिरतं आणि आगीला निमंत्रण देतं.

सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ पत्र्यानं खाल्ला. फरशी, दारांखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे, हे सगळं कापून नवं वेल्डिंग. पत्र्याचे मिस्त्री पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “होतंय की ओ, का होत नाही? पण लांबी भरून चकचकीत पाहिजे असंल तर दुसऱ्याकडं न्या. मी पत्राच घालणार.” हा माणूस मिळाला हे आमचं नशीब. भोकावर लांबी थापून रंग मारलेली गाडी फोटोत छान दिसते, पण दोन पावसाळ्यांत फुगे येतात.

काम घरचं म्हणायचं ते अशासाठी की रविवारी सगळे राबले. माझ्या मुलानं बारीक पॉलिश पेपरनं बंपर घासले. आईनं सीटच्या जुन्या शिवणीचं माप घेऊन कव्हरं शिवली. गिअरच्या दांड्यावर आप्पांनी कधीतरी सागवानाची मूठ बसवून घेतली होती. ती मूळची नव्हे, पण धाकटीनं तीच ठेवली. अकरा महिने लागले. खर्च साधारण दोन लाख साठ हजार. एवढ्यात बरी सेकंडहँड गाडी आली असती, हे मला दहा जणांनी सांगून झालं आहे.

कागदांचं मात्र नीट ऐका. गाडीचा मालक गेला तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. आम्ही गेलो १९ वर्षांनी. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, मग तपासणी, मग नोंदणीचं नूतनीकरण, दंड. धाकटीनं रजा टाकून सगळं केलं. म्हैसूर राज्याच्या काळातला नंबर कायम राहिला, ह्याचा तिला इंजिनपेक्षा जास्त आनंद झाला.

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. काहींनी तसं सुचवलं होतं. पण त्या गाड्या रोजच्या वापराला चालत नाहीत, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्ती-पेट्रोलपुरत्याच रस्त्यावर आणायच्या. धाकटी म्हणाली, “परत शोभेलाच ठेवायची तर ताडपत्री काय वाईट होती?” म्हणून साधीच नोंदणी ठेवली. भाजीलासुद्धा नेते ती.

दसऱ्याला पूजा झाली. लिंबं चिरडली. काकांना पुढच्या सीटवर बसवलं. ही गाडी आमच्या घरात काकांइतकी चांगली कुणीच चालवली नाही. पण काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. २००६ ला ते ५८ वर्षांचे होते. तेव्हा गाडी त्यांच्या नावावर झाली असती तर दहा वर्षं तरी त्यांनी हौसेनं फिरवली असती. कॅम्पातून मिलिटरी महादेवापर्यंत गेलो. काका सगळा वेळ मान वाकडी करून इंजिन ऐकत होते. उतरताना एवढंच म्हणाले, “टॅपेट वाजतंय. सेट कर.” मला रडू आलं, ते त्यांना दिसलं नाही, बरं झालं.

म्हणून मत असं. आठवणीची वस्तू सामाईक ठेवू नका. गाडी असो, देव्हारा असो, तंबोरा असो, नाहीतर अख्खा वाडा असो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, आपल्या लोकांच्या जुन्या वस्त्यांत जा. किती वाडे असे उभे आहेत, की ज्यांचे वारस बारा, आणि कौल बदलायला एकही नाही? कुणालाच विकायचं नसतं, कुणालाच कमी माया नसते. पण सगळ्यांचं असलं की पाऊस आला तर धावायचं कुणी, हे ठरत नाही. ज्याला सांभाळायची हौस आणि अक्कल आहे, त्याच्या नावावर करा. मग तो मुलगा असो की मुलगी, धाकटा असो की थोरला. आणि हे वडीलधारी हयात असताना करा. गाडीच्या आरसीवर वारस म्हणून नाव नोंदवून ठेवायची सोयसुद्धा २०२१ पासून आहे. फुकट भांडणं वाचतील.

आत्याच्या बोलण्यात तथ्य होतं, ते नाकारत नाही. एकाच्या नावावर केली आणि त्यानं उद्या विकली तर? विकू शकतो. धाकटीही विकू शकते. सही करताना मी ते धरून चाललो आहे. पण विकलेली गाडी कुठंतरी चालते तरी. आमची १९ वर्षं दारात असून कुणाचीच नव्हती.

आणि येण्या-जाण्याचं म्हणाल तर, मधली भिंत अजून आहे. पण रविवारी सकाळी पलीकडून हॉर्न वाजतो, आणि माझा मुलगा चहा अर्धा टाकून पळतो. आत्या दिवाळीला येणार आहे. तिला स्टेशनवरून आणायला फियाटच जाणार. तिनं फोनवर धाकटीला विचारलंय, “मला विचारल्याशिवाय रंग तर नाही ना बदललास?”

नाही बदलला. तोच फिकट निळा आहे.

तुमच्या घरी असं काही ताडपत्रीखाली आहे का? असेल तर फोटो टाका. आणि कुणाच्या नावावर आहे, तेही लिहा.