फुकटाच्या जहाजाची किंमत

संरक्षणखरेदीत लाच कोणी खाल्ली, या एकाच प्रश्नाभोवती आपल्या देशातील चर्चा १९८७ सालच्या बोफोर्स प्रकरणापासून घुटमळत राहिली आहे. लाचखोराला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु लाचेचा एक पैसाही सिद्ध न होता जनतेचे हजारो कोटी रुपये वाया जाऊ शकतात, आणि तेही रीतसर, सह्याशिक्क्यांनिशी, ही गोष्ट या चर्चेत झाकली जाते. ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेचा व्यवहार हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ही नौका मूळची सोव्हिएत आरमाराची. १९८७ मध्ये ती ‘बाकू’ या नावाने सेवेत आली, पुढे ‘ॲडमिरल गोर्श्कोव्ह’ झाली आणि १९९६ मध्ये रशियाने तिला सेवेतून काढले. जानेवारी २००४ मध्ये भारताने ती घेण्याचा करार केला. नौका फुकट, फक्त दुरुस्ती व फेरबांधणीचे ९७.४ कोटी डॉलर द्यायचे, असे तेव्हा सांगण्यात आले. २००८ मध्ये मिळावयाची ही नौका प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१३ मध्ये हाती आली. तोवर किंमत सुमारे २३० कोटी डॉलरवर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दहा हजार कोटी रुपयांवर गेली होती. मर्यादित आयुष्याची जुनी नौका आपण नव्या नौकेपेक्षा अधिक किमतीला घेत आहोत, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २००९ मध्येच ठेवला होता.

हे घडले कसे? नौका पुरती उघडून न पाहताच कामाचा अंदाज बांधला गेला. ती उघडल्यावर केबलींपासून कितीतरी गोष्टी नव्याने घालाव्या लागणार, असे उघड झाले. पाण्यात म्हैस, बाहेर मोल, असाच हा सौदा! अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, ज्या ग्राहकाला दुकानातून उठून जाता येते त्यालाच भाव करता येतो. आपले हप्ते देऊन झालेले, नौका सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत उघडी पडलेली, आणि आपली ‘विराट’ म्हातारी झालेली. अशा वेळी, २००७ मध्ये, विक्रेत्याने वाढीव पैसे मागितले. नाही म्हणण्याची शक्ती आपण करारावर सही करतानाच गमावली होती.

गोष्ट येथेच संपत नाही. नौकेबरोबर विमानेही त्याच देशाची घ्यावी लागली. मिग-२९ के जातीची ४५ विमाने घेण्यात आली आणि गोव्यातील ‘हंसा’ तळावर त्यांची वसाहत झाली. त्यांपैकी उड्डाणास सज्ज असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्के एवढेच होते, असे महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये नोंदविले. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार झाला. एका चुकीच्या सौद्याची भरपाई दुसऱ्या, अधिक महाग सौद्याने करावयाची, हे चक्र असे चालते.

महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर मजुराला हजेरीपटावर अंगठा उठवावा लागे. खणलेल्या मातीचे माप घेतल्याखेरीज त्याच्या हाती मजुरी पडत नसे. ज्या राज्ययंत्रणेला गरिबाच्या खड्ड्याची खोली फुटपट्टीने मोजता येते, तिला जहाजाची दुरुस्ती मोजता आली नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

संरक्षणाच्या बाबतीत प्रश्न विचारणे देशहिताचे नाही, असे यावर सांगितले जाते. २०१९ मध्ये राफेलविषयीच्या लेखापरीक्षण अहवालात तर किमतीचे आकडेच झाकण्यात आले. किंमत विक्रेत्याला ठाऊक, त्याच्या सरकारला ठाऊक. अंधारात राहतो तो केवळ पैसे भरणारा भारतीय नागरिक. ही गोपनीयता शत्रूपासून नव्हे, मतदारापासून आहे. आणि निकामी यंत्रसामग्रीची खरी किंमत मोजतो तो खलाशी आणि वैमानिक. तेव्हा देशभक्तीचे धडे आम्हांला देऊ नयेत.

२००४ च्या करारावेळी संरक्षणमंत्री होते ते समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस. २०१० मध्ये वाढीव किंमत मान्य केली ती काँग्रेसप्रणीत सरकारने. आपल्या माणसाचे नाव आले म्हणून आवाज खाली आणणे आपल्याला शोभणार नाही. मंत्री बदलले, पक्ष बदलले, सौद्याची रीत मात्र तीच राहिली.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. मालाची पूर्ण तपासणी झाल्याखेरीज करारावर सही होऊ नये आणि विलंबाचा भुर्दंड विक्रेत्यावर पडावा. खरेदीच्या किमतीबरोबर आयुष्यभराच्या देखभालीचा खर्चही संसदेपुढे यावा. आणि सहीपूर्वी लोकलेखा समितीला, आवश्यक तर बंद दाराआड, संपूर्ण हिशेब मिळावा. यांपैकी एकाही मागणीने सीमेवरचा एक जवान कमी होत नाही. धक्का बसलाच तर तो अंधारात सौदे करण्याच्या सवयीला बसेल, आणि तो बसलाच पाहिजे.