बर्ड फ्लू : विषाणू गाडीनेही येतो
प्रतिनिधी

बर्ड फ्लूचे नाव निघाले, की राज्याला नवापूर आठवते. नंदुरबार जिल्ह्यातील या भागात जानेवारी २००६च्या अखेरीस कोंबड्या मरू लागल्या. हा नेहमीचा राणीखेत (मानमोडी) असावा, असा प्रारंभी समज झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारीला 'एच५एन१' विषाणूचे निदान जाहीर झाले. देशातील तो पहिला उद्रेक होता. मधले तीन आठवडे विषाणूला मोकळे मिळाले. पुणे-सातारा महामार्गावरील वरवे बुद्रुकसारख्या (ता. भोर) गावांनी या विलंबाचा धडा विसरता कामा नये.

या विषाणूचे मूळ घर रानबदके व पाणपक्षी. त्यांच्या आतड्यांत तो बहुधा फारसा त्रास न देता वाढतो आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो अनेक दिवस तग धरतो. सौम्य विषाणूला पेशींत शिरण्यासाठी लागणारी विकरे कोंबडीच्या केवळ श्वसनमार्गात व आतड्यांत असतात. मात्र 'एच५' व 'एच७' गटांतील विषाणूंत विशिष्ट बदल झाला, की शरीरातील जवळपास सर्व अवयवांत तो वाढू शकतो. मग दोन-तीन दिवसांत शेडच्या शेड ओस पडते.

एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाण्यासाठी मात्र त्याला पंखांची गरज नसते. विष्ठा लागलेले क्रेट, अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गोण्या, वाहनांची चाके आणि कामगारांच्या चपला एवढे साहित्य त्याला पुरते. शेडच्या दाराशी जंतुनाशकाचे पाणी आणि आतल्यासाठी वेगळी पादत्राणे, हे साधे उपाय म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

तरीही खरी कसोटी लागते ती पहिली मरतूक कळविताना. संसर्गजन्य पशुरोगांविषयीच्या २००९च्या कायद्यानुसार माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्यानंतर निदान होऊन परिसरातील पक्षी नष्ट करण्यात आले. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची आणि नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची. आधीच मेलेल्या पक्ष्यांची ती मिळत नाही. म्हणजे लपविण्याचा प्रत्येक दिवस शेतकऱ्यालाच महागात पडतो. पण भाव कोसळतील, शेड महिनोन् महिने रिकामी राहील, ही भीती त्याहून मोठी असते. करार पद्धतीत तर पक्षी कंपनीचे आणि शेड शेतकऱ्याची. त्याचा बुडालेला संगोपनाचा मोबदला या भरपाईत कोठेच बसत नाही.

नीट शिजविलेले, आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापलेले चिकन व अंडी खाण्यास सुरक्षित असतात. शहरी ग्राहकाने हे ध्यानात ठेवले, तर अफवांनी पडणारे भाव काही अंशी तरी सावरतील. सरकारनेही भरपाईची रक्कम आणि ती हाती पडण्याचा वेग हा रोगनियंत्रणाचाच भाग मानला पाहिजे. मरतूक कळविणाऱ्याचे नुकसान होत राहिले, तर पुढच्या वेळीही विषाणूला तीन आठवडे मोकळे मिळतील.